पुनरुत्थानानंतरचा अध्याय

ख्रिस्ती दफनविधीत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय बहुधा ठरलेला असतो. उकरलेल्या मातीशेजारी उभं राहून पाळक वाचत असतात आणि मजकुराचा सूर ओळीगणिक चढत जातो: कर्णा वाजेल, मेलेले उठतील, मरणाची हार होईल. शेवटी पौल सांगतो की प्रभूच्या कामात घेतलेले कष्ट फुकट जात नाहीत, तेव्हा त्यात गुंतून राहा. वाचन तिथे थांबतं. आमेन होतं, मूठमूठ माती पडते आणि पुस्तक मिटतं. त्याच्या पुढचं वाक्य कबरस्थानात कुणी वाचत नाही. ते वर्गणीबद्दल आहे.

यरुशलेमच्या मंडळीत गरिबी होती आणि तिच्यासाठी पौल गावोगावच्या मंडळ्यांकडून पैसे गोळा करत होता. सोळाव्या अध्यायाच्या तोंडालाच त्याच्या सूचना आहेत. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने कमाईच्या मानानं काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको. रक्कम पोचवायला माणसं तुम्हीच पसंत करा, मी त्यांना पत्रं देतो. खजिनदाराची भाषा आहे ही. आपल्याला ती एकदम खाली उतरल्यासारखी वाटते, कारण मध्ये मोठा आकडा छापलेला आहे. पण अध्यायांचे आकडे पौलाचे नव्हेत. आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी झाली आणि तिचं श्रेय पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँगटन यांना दिलं जातं. पौलाने मजकूर सांगितला तेव्हा शेवटचा कर्णा आणि आठवड्याची वर्गणी यांच्यामध्ये श्वास घेण्यापुरतीच जागा असणार.

लँगटनसाहेबांनी आकडा घातला आणि आपण तिथे भिंत बांधली. भिंतीच्या अलीकडे अनंतकाळ, पलीकडे किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता. मग व्यासपीठावरून सांगितलं जातं की बाबांनो, रोजच्या धबडग्यात शाश्वताचं भान ठेवा. आणि ऐकणारा समजतो की अधूनमधून मान वर करून आभाळाकडे पाहायचं आहे. मराठी कानाला तर प्रपंच आणि परमार्थ ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या सवयीची. ख्रिस्ती झालेल्या घरांनीही ती बरोबर आणली आणि रविवार परमार्थाला, बाकीचे सहा दिवस प्रपंचाला अशी सोयीची वाटणी करून टाकली. खरं तर ही वाटणी आपल्या संतांनाही इतकी सोपी कधी वाटली नव्हती. रामदासांनी दासबोधात आधी प्रपंच नेटका करायला सांगितला. सावता माळ्याला विठ्ठल भेटला तो मळ्यात. आणि वरच्या गोष्टींकडे मन लावा असं सांगणारं कलस्सैकरांस पत्र पुढच्याच ओळींत खोटं बोलणं, राग, नवराबायको, मुलं इथे येतं आणि शेवटी धन्याने दासाला वाजवी ते द्यावं इथपर्यंत उतरतं. ज्याला वर पाहायला सांगितलं, त्याला पौल घराच्या ओसरीपर्यंत सोडायला येतो.

शाश्वताच्या भानावर सर्वांत जुना आणि सर्वांत जड आरोप असा की ते गरिबाला गप्प बसवतं. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफूची उपमा दिली, ती आता चावून चोथा झालेली आहे. तिच्याच शेजारी त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. ख्रिस्ती माणसं या आरोपाला सहसा चिडून उत्तर देतात. मला वाटतं, आधी तो मान्य करावा, कारण पुरावा ढीगभर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांपुढे वर्षानुवर्षं एकच प्रवचन होई: इथे मुकाट्यानं राबा, मोबदला स्वर्गात मिळेल. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केलं तेव्हा शेवटी वेगळी पुरवणी जोडली आणि त्यात ख्रिस्ताचा धर्म निराळा, या मालकांचा धर्म निराळा, हे ठणकावून सांगितलं. त्या मालकांचं नेमकं काय चुकलं होतं? स्वर्ग त्यांनी खोटा सांगितला, असं नाही. त्यांनी तो गुलामाच्या पाठीला लावला आणि स्वतःच्या कापसाला मात्र या आठवड्याचा बाजारभाव लावला. गुलामाने हिशेब अनंतकाळाचा ठेवायचा, मालकाने रोखीचा.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. अनंतकाळाचं माप स्वतःच्या ताटाला, स्वतःच्या अपमानाला, स्वतःच्या बँकेच्या पासबुकाला लावायचं असतं. दुसऱ्याच्या भुकेला ते लावलं की त्याची अफू होते. रशियन विचारवंत निकोलाय बेर्द्यायेव यांनी अशा आशयाचं म्हटलं आहे की माझ्या स्वतःच्या भाकरीचा प्रश्न भौतिक असतो, पण शेजाऱ्याच्या भाकरीचा प्रश्न माझ्यासाठी आध्यात्मिक होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने न्यायाच्या दिवसाचं चित्र रंगवलं आहे, त्याचा कणा हाच. तिथे माणसांचा अनंतकाळ ठरतो तो भुकेल्याला दिलेल्या अन्नावर, तहानेल्याला दिलेल्या पाण्यावर, तुरुंगात घेतलेल्या भेटीवर. आणि गंमत म्हणजे उजवीकडच्यांना आपण असं काही केल्याचं आठवतही नाही. अनंतकाळाकडे टक लावून बसल्याची नोंद तिथे कुणाच्याच नावावर नाही.

या मापाने आपल्या मंडळ्या तपासल्या तर बरंच काही उघडं पडतं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूरमधल्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत बांधली गेली. ज्यांना अनंतकाळ एकाच घरात काढायचा आहे, त्यांना हाडांची माती होईपर्यंतसुद्धा एका आवारात पडून राहता येत नाही! आपल्याकडे अशा भिंती विटांच्या नसतील. पण नगर-सोलापूरकडे महार, मांग वाड्यांतून आलेल्या आणि इतर जातींतून आलेल्या ख्रिस्ती घरांमध्ये सोयरीक ठरताना दबक्या आवाजात काय विचारलं जातं, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. जात न मानणारा स्वर्ग ज्याला खरोखर दिसतो, त्याच्या तोंडी तो प्रश्न यायला नको. येतो, म्हणजे स्वर्ग अजून दिसलेला नाही; फक्त पाठ झालेला आहे.

उलट बाजूची चूकही जुनीच आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही माणसांनी हातपाय हलवायचं सोडून दिलं होतं. प्रभू उद्या-परवा येणार, मग दुकान कशाला उघडायचं, असा त्यांचा हिशेब असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. पौलाने त्यांना दिलेलं उत्तर रांगडं आहे: काम करायचं नसेल तर जेवूही नका. तो स्वतः तंबू शिवणारा. प्रभूच्या येण्याची वाट त्या रिकामटेकड्यांइतकीच तोही पाहत होता आणि म्हणूनच कुणाच्या घरी फुकट जेवायला तयार नव्हता.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट मला याहून जवळची वाटते. यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलेला, शहर पडणार हे तोच सांगत आलेला आणि त्याबद्दल पहाऱ्यात डांबलेला. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथमधलं वडिलोपार्जित शेत घेतोस का म्हणून विचारतो. त्या मुलखात तेव्हा शत्रूच्या छावण्या. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बसवतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून आपला लेखनिक बारूख याला ती मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. देवाने सांगितलेलं असतं की या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे यांची खरेदीविक्री होईल. बायबलमध्ये आशेवर पुष्कळ उदात्त मजकूर आहे, पण दस्तनोंदणीच्या इतक्या तपशिलात शिरणारा दुसरा उतारा मला आठवत नाही. ज्याला दूरचं दिसत होतं, त्याने जवळचे पैसे बुडीत शेतात घातले. आणि ते स्वतःचे पैसे होते.

महाराष्ट्रात या दृष्टीचं उदाहरण शोधायचं तर केडगावला जावं लागतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. संस्थेला कायमचं उत्पन्न हवं म्हणून पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच्या केडगावला माळरान विकत घेऊन तिथे फळबाग धरायचा बेत केला. तोवर १८९६-९७चा दुष्काळ आला. १८७०च्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा होऊन आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेल्याची आठवण रमाबाईंना होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा बरोबर घेऊन आल्या, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध, म्हणून त्यांची सोय केडगावच्या माळावर. १९००च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती झाली, माग बसवले, तेलघाणा, छापखाना आला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत कामं बायका करू लागल्या.

रमाबाईंइतकी परलोकावर नजर असलेली बाई त्या काळात क्वचितच असेल. १९०५ साली केडगावच्या या संस्थेत, म्हणजे मुक्ती मिशनमध्ये, प्रार्थनेची जी लाट उठली तिची हकिकत जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पोचली. तिथल्या रडण्या-ओरडण्याने आणि अनोळखी भाषांतल्या प्रार्थनेने बरेच ख्रिस्तीही गोंधळून गेले. पण त्याच रमाबाईंनी १८९७ साली पुण्यातल्या सरकारी प्लेगव्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. सोसा, पुढे सगळं नीट होईल, असं त्या प्लेगच्या रुग्णालयातल्या बायकांना सांगू शकल्या असत्या. त्यांच्याच श्रद्धेत त्याला आधारही सापडला असता. सांगितलं नाही. सोसायचं असेल ते आपण सोसावं, दुसऱ्याचं गाऱ्हाणं मात्र दिवाणात न्यावं, हा विवेक त्यांना कुठल्याही धर्मशास्त्राच्या वर्गात शिकवला गेला नव्हता.

शेवटची पंधरासोळा वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन मूळावरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल करायचं, असा पण. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिच्या हाती सगळा कारभार द्यायचा तीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मधल्या आठनऊ महिन्यांत ती बाई, ऐकू येईनासं झालेली, थकलेली, काय करत होती? मुद्रितं तपासत होती. पूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ साली. मुलीच्या मरणाने कामाला अर्थ उरला नाही, असं म्हणायला तिला कुणी अडवलं नसतं. पुनरुत्थानाचा अध्याय आणि त्यानंतरचा अध्याय यांच्यामध्ये तिने आकडा घातला नाही, असं मला वाटतं.

रमाबाईंवरचा आक्षेपही इथेच नोंदवायला हवा, कारण माझं माप त्यांनाही लागू आहे. शारदासदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे दुष्काळातून आणलेल्या पोरींचं धर्मांतर झालं. उपाशी मुलीला दिलेली भाकर आणि दिलेला बाप्तिस्मा यांच्यात पुरेसं अंतर होतं का, हा प्रश्न विरोधकांवर सोडून चालणार नाही. तो ख्रिस्ती माणसाने आधी विचारावा. दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी हीसुद्धा दुसऱ्याला लावलेलं अनंतकाळाचं माप असू शकते. रमाबाईंनी त्या मुलींसाठी स्वतःला झिजवलं, म्हणून मी त्यांच्या बाजूने झुकतो. पण प्रश्न पुसला जात नाही.

आणखी एक घर इथे आठवतं: कवी ना. वा. टिळकांचं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधले टिळक कसे आहेत? उद्याची फिकीर नसलेले, हातात आलेलं देऊन टाकणारे, कुणालाही घरी घेऊन येणारे. वाचताना हसू येतं, माणूस थोर वाटतो. पण त्याच पानांवर एक बाई डबे चाचपत असते, आलेल्या माणसाला वाढायचं काय याचा विचार करत असते. टिळकांना शाश्वताचं भान होतं. त्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडत होता? लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत असं नाही; त्या भरपूर करतात आणि ती त्या पुस्तकाची खरी चव आहे. संतपणाचं बिल नेहमी घरात कुणीतरी भागवत असतं, आणि ते भागवणारी बहुतेक वेळा बाई असते. आपल्या मंडळ्यांत आजही सेवेसाठी सदैव फिरतीवर असलेल्या पुरुषाची साक्ष टाळ्यांनी स्वीकारली जाते. त्याच्या बायकोला कुणी माइक देत नाही. टिळक १९१९ साली गेले. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य काही अध्यायांवर अडलं होतं. त्याचा फार मोठा भाग नंतर लक्ष्मीबाईंनी रचला. ज्या बाईला टिळकांच्या अनंतकाळाचा ताप झाला तिनेच त्यांचं अर्धवट काम उचललं.

दुःखाच्या घरी जाताना तर हे माप फारच जपून वापरावं. आपल्याकडे माणूस गेला की तासाभरात सांत्वनाला आलेले सांगू लागतात, रडू नका, ते प्रभूजवळ आहेत, चांगल्या ठिकाणी आहेत. बोलणाऱ्याचा भाव खरा असतो, तरी ऐकणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. बेथानीत लाजर मेला तेव्हा येशू तिथे गेला. आता काही क्षणांत आपण याला हाक मारणार आणि हा बाहेर येणार, हे योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याला ठाऊक होतं. तरी कबरीकडे जाताना तो रडला. पुढचं सगळं दिसत असलेला माणूस रडतो आणि पुढचं फक्त ऐकून असलेले आपण दुसऱ्याला रडू नका म्हणतो, यात काहीतरी उफराटं आहे.

मग हे माप स्वतःला लावायचं म्हणजे काय? एक जुनं उदाहरण मिशनरी विल्यम केरींचं. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारा आणि १८०५ साली मराठी व्याकरण छापणारा हा माणूस. ११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं, खिळे, कागद, अनेक वर्षांची मेहनत जळाली. त्यात अनेक भारतीय भाषांच्या कोशाचं काम होतं, ते पुन्हा कधी उभं राहिलं नाही. बाकीचं त्यांनी नव्याने सुरू केलं. वितळलेलं शिसं गोळा करून नवे खिळे पाडले गेले. नुकसान स्वतःचं होतं म्हणून ते सोसण्याचा अधिकारही स्वतःचा होता.

आजच्या मंडळ्यांत रविवारी साक्षी होतात, त्या ऐकाव्या. व्हिसा झाला. फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं. मुलाला दुबईत नोकरी लागली. प्रभूची स्तुती असो. माणसाने आनंद सांगावा, त्यात वाईट काही नाही. पण लाच दिली नाही म्हणून काम हातचं गेलं, भावाने वाटणीत फसवलं तरी कोर्टात गेलो नाही, जास्त पगाराची बदली आईच्या आजारपणामुळे नाकारली, अशा साक्षी का ऐकू येत नाहीत? असं करणारी माणसं आहेत. प्रत्येक गावात आहेत. त्यांना आपलं वागणं व्यासपीठावर सांगण्याजोगं वाटत नाही, कारण व्यासपीठाने आशीर्वाद मोजायला जे माप ठेवलं आहे त्यात तोटा बसत नाही. रविवारी सकाळी टीव्हीवर पेरा आणि शंभरपट घ्या असं सांगणारे उपदेशक परमेश्वराच्या नावाने जे विकतात, ते तर अनंतकाळाचं नाव लावलेलं मुदत ठेवीचं व्याज.

वसईत हा प्रश्न जमिनीच्या रूपाने उभा राहिला. तिथल्या कॅथलिक घरांची केळीची, पानवेलींची बागायत, आणि गावागावांत पूर्वजांनी खणून ठेवलेली बावखळं, म्हणजे पावसाचं पाणी धरून आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवणारी तळी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची लाट आली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत उडी घेतली. धर्मगुरूने आत्म्यांचं पाहावं, त्याला पाण्याशी आणि झाडांशी काय करायचं, हा प्रश्न अशा वेळी येतोच. उत्तर सोपं आहे. ज्याने बावखळ खणलं त्याला आपल्या हयातीपलीकडचं दिसत होतं; ज्याने ते भरून चौरस फुटांचा भाव घेतला त्याला पुढच्या मे महिन्यातलं लग्न दिसत होतं. दोघेही मिस्साला जात असतील. दोघेही २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईबापांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या लावत असतील. श्रद्धेच्या विधानांत दोघांमध्ये फरक काढता येणार नाही. फरक सातबाऱ्यावर निघेल.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. भाकर, पाणी, जमीन, वर्गणी एवढाच जर शाश्वताचा अर्थ असेल तर स्वर्ग मध्ये आणायचा कशाला? चांगला नास्तिकही हे सगळं करतो. अनेकदा आपल्याहून चांगलं करतो. हे खरं आहे आणि त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. तरीही फरक पडतो असं मला वाटतं, आणि तो फरक जिथे कामाचं फळ दिसण्याची शक्यताच नसते तिथे पडतो. समाजाची सुधारणा एवढंच ध्येय ठेवलं की मदत हळूहळू ज्यांच्यावर केलेला खर्च वसूल होईल त्यांच्याकडे सरकते: हुशार मुलगी, धडधाकट तरुण, आकड्यांत दाखवता येईल असा प्रकल्प. देणगीदाराला अहवाल हवा असतो, आणि अहवालात प्रगती दाखवावी लागते. मुक्तीमध्ये आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई, मनोरमाबाईंनी त्यात लक्ष घातलं होतं. म्हाताऱ्या आणि जर्जर बायकांसाठी प्रीतिसदन होतं, समाजाने टाकलेल्यांसाठी कृपासदन. त्यातल्या पुष्कळजणी बऱ्या होणार नव्हत्या, कमावत्या होणार नव्हत्या, संस्थेचं नाव काढणार नव्हत्या. अशा बाईचं अंथरूण रोज बदलायला, ती मरेपर्यंत बदलत राहायला, ती कधीही पुसली जाणार नाही अशी कुणीतरी आहे हे मानणं कामी येतं. मानलं नाही तर काम होणारच नाही, असा माझा दावा नाही. पण पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर दहाव्या वर्षी ते कशाच्या बळावर चालतं, हे अशा संस्थांतून काम करणाऱ्या सिस्टरांना आणि मावशींना विचारून पाहावं.

येशूने पुनरुत्थानाचा उल्लेख ज्या प्रसंगी केला त्यांतला एक भलताच घरगुती आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो एका परूशी पुढाऱ्याकडे जेवायला गेला आहे आणि यजमानाला सांगतो आहे की पंगतीला मित्र, भाऊबंद, पैसेवाले शेजारी यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव, त्यांना परतफेड करता येणार नाही, ती नीतिमान उठतील तेव्हा होईल. पाहुण्यांची यादी कशी करावी, एवढ्यासाठी तिथे मेलेल्यांचं उठणं पुढे आणलेलं आहे. आपल्याकडे लग्नाच्या यादीवर घरात आठवडाभर खल होतो: त्यांनी आपल्याला बोलावलं होतं, आहेर किती केला होता ते वहीत पाहा, साहेबांना राहून चालणार नाही. त्या वहीत एखादं नाव असं घालायचं ज्याच्या पुढचा रकाना कायम कोरा राहणार आहे, असा विषय घरात काढून पाहावा. आई काय म्हणते, सासरे काय म्हणतात आणि हॉलवाल्याचा ताटाचा दर ऐकल्यावर आपण स्वतः काय म्हणतो, ते ऐकण्यासारखं असतं.